टोपी बाजारातील मीठ आणि पांढऱ्या उंदराचे रक्त

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील टोपी बाजारात आज कोणत्याही वाण्याकडे मीठ मागावे, तर हाती पडणाऱ्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द छापलेला आढळतो. तो शब्द आता कोणी मुद्दाम वाचीत नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. भारत सरकारने गलगंडाच्या नियंत्रणाची योजना १९६२ साली हाती घेतली, आणि माणसांच्या खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी झाली. गळ्याच्या पुढच्या बाजूस बसलेल्या एका लहानशा ग्रंथीसाठी एवढा खटाटोप करावा लागला. आयोडीनची उणीव हा त्या ग्रंथीचा फार जुना शत्रू होय. परंतु अलीकडच्या काळात तिला नवे शत्रूही निर्माण झाले आहेत. पिकांवर फवारली जाणारी काही औषधे, कारखान्यांत वापरली जाणारी काही द्रव्ये, इतकेच काय पण आजाऱ्याला देण्यात येणारी काही औषधेही, मिठात आयोडीन पुरेसे असताना या ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. कोणते रसायन असा उपद्रव करील हे माणसांवर प्रसंग ओढवण्यापूर्वीच कळावे, म्हणून प्रयोगशाळांतून पांढऱ्या उंदरांच्या रक्तातील या ग्रंथीचे अंतःस्राव मोजले जातात. ही मोजणी कशी होते, आणि तिच्यातून निघणाऱ्या आकड्यावर कितपत विसंबावे, हा प्रस्तुतचा विषय आहे.

विषय ऐकताना दूरदेशीचा वाटेल, पण रसायने आणि त्यांची प्राण्यांवरील परीक्षा या गोष्टी ग्वाल्हेरला परक्या नाहीत. जिवाजीराव शिंदे यांच्या नावाने १९४७ मध्ये येथे एक औद्योगिक संशोधनशाळा निघाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली, आणि १९७३ पासून ती संरक्षण संशोधन व विकास संस्थेची ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. विषारी रसायनांपासून बचाव कसा करावा हेच तिचे मुख्य कार्य. डास आणि इतर चावरे कीटक दूर ठेवणारे ‘डेपा’ नावाचे द्रव्य या प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आले. जवानाच्या अंगाला चोळावयाचे द्रव्य आधी निरुपद्रवी ठरावे लागते, आणि ते ठरविण्याचा मार्ग प्राण्यांवरील परीक्षांतूनच जातो. टोपी बाजारातून मच्छर पळविणारी डबी विकत घेणाऱ्या गृहस्थाला या परीक्षांची वार्ता नसते, हे स्वाभाविकच आहे.

प्रथम या ग्रंथीची थोडी ओळख करून घेऊ. मराठीत तिला अवटु ग्रंथी असे नाव आहे, पण डॉक्टरांच्या तोंडून लोकांनी ऐकलेला ‘थायरॉइड’ हाच शब्द अधिक रुळला आहे. ही ग्रंथी रक्तातून आयोडीन उचलते आणि त्यापासून दोन अंतःस्राव तयार करते. एकाच्या कणात आयोडीनचे चार अणू असतात. तो थायरॉक्सिन, ऊर्फ टी-४. दुसऱ्यात तीन असतात, तो टी-३. अमेरिकेत केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळाच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक प्रथम वेगळे काढले. हॅरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्याची रचना उलगडली. टी-३ मात्र १९५२ पर्यंत लपून राहिला होता. तो ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांना सापडला. शरीरातील प्रत्येक पेशी किती वेगाने काम करील हे या दोघांवर अवलंबून असते, आणि गर्भाचा व तान्ह्या बालकाचा मेंदू घडत असताना तर त्यांच्यावाचून चालतच नाही.

या ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की पीयूषिका एक निरोप धाडते. त्या निरोप्याचे नाव टी.एस.एच. निरोप पोहोचला की अवटु अधिक झपाट्याने काम करू लागते, आणि थायरॉक्सिन पुरेसे झाले की निरोप थांबतो. पण माल निघतच नसेल, तर पीयूषिकेचा तगादा वाढत जातो. त्या तगाद्याने अवटु बिचारी माल देऊ शकत नाही, ती नुसतीच फुगते. डोंगराळ भागांतील माणसांच्या गळ्यावर दिसणारा गलगंड तो हाच. गलगंड म्हणजे अतिरिक्त श्रमाची खूण आहे, आळसाची नव्हे, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे. कारण पुढे उंदरांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या वादाचे मूळ ठरली.

रसायनानेही गलगंड होतो हे शास्त्रज्ञांना कळले ते अनपेक्षितपणे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९२८ मध्ये भिन्न कामासाठी पाळलेल्या सशांचे गळे सुजलेले आढळले. शोध घेता असे दिसले की, त्यांना मुख्यतः कोबीची पाने खाऊ घातली जात होती. १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच विद्यापीठात पुन्हा दोनदा असेच घडले. एका ठिकाणी उंदरांना आतड्यातील जंतू मारण्यासाठी सल्फाचे एक औषध दिले होते, तर दुसऱ्या ठिकाणी चवीच्या अभ्यासाकरिता एक कडू गंधकयुक्त द्रव्य. दोन्हीकडे उंदरांच्या अवटु ग्रंथी वाढल्या. हेतू निराळा आणि फळ निराळे, असा हा प्रकार होता. यातूनच अतिरिक्त थायरॉक्सिनाच्या विकारावर देण्याजोगी औषधे १९४३ च्या सुमारास अॅस्टवुड यांनी पुढे आणली. म्हणजे जे द्रव्य एका रोग्याला वरदान, तेच निरोगी माणसाला शाप होऊ शकते.

रसायने या ग्रंथीचे काम तीन मुख्य ठिकाणी अडवतात. पहिले ठिकाण म्हणजे आयोडीन आत येण्याचे दार. परक्लोरेट नावाचे क्षार हे दार अडवितात. रॉकेटच्या इंधनात त्यांचा उपयोग होतो, आणि केरळात आलुवा येथे असे क्षार बनविणाऱ्या कारखान्याच्या परिसरातील विहिरींत ते आढळल्याने तेथे चिंता उत्पन्न झाली होती. दुसरे ठिकाण म्हणजे आयोडीन जोडण्याचा कारखाना, जेथे एक एन्झाइम कामगाराचे काम करते. तिसरे ठिकाण ग्रंथीपासून दूर, यकृतात आहे. तेथे काही रसायनांच्या प्रभावाने रक्तातील थायरॉक्सिन झपाट्याने बाहेर टाकले जाऊ लागते. पहिल्या दोन प्रकारांत माल तयारच होत नाही, आणि तिसऱ्यात तयार झालेला माल गळून जातो.

यांपैकी दुसऱ्या ठिकाणाचे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी परिचयाचे आहे. नाशिककडच्या द्राक्षबागांत केवडा रोग पडला, किंवा बटाट्यावर करपा आला, की शेतकरी ‘एम-४५’ फवारतो. त्याचे शास्त्रीय नाव मॅन्कोझेब. स्वस्त, पिवळसर भुकटी. अनेक दशके ती शेतकऱ्याच्या विश्वासाची ठरली आहे. हे द्रव्य फुटले, अथवा शिजविताना तापले, की त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ निघतो. तोच पदार्थ अवटु ग्रंथीतील त्या एन्झाइमच्या कामात आडवा येतो. उंदरांना तो बरेच दिवस दिला असता ग्रंथी वाढते आणि पुढे तीत गाठी होतात, हे सिद्ध झालेले आहे. मेक्सिकोमध्ये पाठीवरील पंपाने अशीच बुरशीनाशके फवारणाऱ्या मजुरांचे रक्त तपासून १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तात टी.एस.एच. काहीसे वाढलेले आढळले, थायरॉक्सिन मात्र घटलेले नव्हते. म्हणजे पीयूषिकेचा तगादा सुरू झाला होता, पण माल अद्याप पुरा पडत होता. हे चिन्ह लहान असले, तरी दुर्लक्ष करण्यासारखे नव्हे.

आता मोजणीकडे वळू. कोणतेही नवे कीटकनाशक अथवा बुरशीनाशक बाजारात आणण्यापूर्वी ज्या अनेक परीक्षा होतात, त्यांत नव्वद दिवसांची एक परीक्षा असते. आर्थिक सहकार व विकास संघटना, जिला जगभर ओईसीडी म्हणतात, तिने तिचे नियम आखलेले आहेत. उंदरांचे चार गट करतात. प्रत्येकात दहा नर आणि दहा माद्या, म्हणजे एकूण ऐंशी उंदीर. एका गटाला रसायन मुळीच देत नाहीत, आणि उरलेल्या तीन गटांना चढत्या प्रमाणात देतात. पूर्वी शेवटी ग्रंथींचे वजन केले, त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणजे काम संपत असे. २०१८ च्या सुधारणेत मात्र टी-४, टी-३ आणि टी.एस.एच. या तिन्हींची मोजणी आवश्यक करण्यात आली. त्याच सुमारास गर्भावरील परिणाम पाहण्याच्या परीक्षेतही गरोदर मादीचे हे अंतःस्राव मोजण्याची अट घातली गेली.

अट घालणे सोपे, ती पाळणे कठीण. उंदराची संपूर्ण अवटु ग्रंथी काही मिलिग्रॅम वजनाची. कात्रीला जरा धक्का लागला की शेजारचे मांस तिच्याबरोबर यावयाचे. म्हणून ती द्रावणात ठेवून घट्ट झाल्यावर मोजण्याचा प्रघात आहे. रक्ताची गोष्ट तर याहून नाजूक. उंदराला अनोळखी हाताने धरले, पिंजरा हलविला, शेजारच्या उंदराचा आवाज त्याने ऐकला, तरी त्याच्या रक्तातील अंतःस्राव बदलू शकतात. दिवसाच्या वेळेप्रमाणे ते वरखाली होतात. उपाशी ठेवले तर घटतात. बेशुद्ध करण्याच्या औषधानेही फरक पडतो. आता अशी कल्पना करा की, एका प्रयोगशाळेत सकाळी आठला काम सुरू झाले, निरोगी गटाचे रक्त आधी काढले आणि सर्वांत मोठी मात्रा दिलेल्या गटाची पाळी दुपारी दोनला आली. संध्याकाळी आकडे पाहिले तर दोन गटांत भेद दिसतो. तो भेद रसायनाचा की घड्याळाचा? हे पुढे कोणत्याही गणिताने निस्तरता येत नाही. म्हणून जाणते लोक सर्व गटांतील उंदीर आलटूनपालटून घेतात, ठरलेल्या थोड्या वेळात सर्वांचे रक्त काढतात, आणि ज्या माणसांची उंदरांना सवय आहे त्यांच्याच हाती ते काम देतात. एवढे करूनही आकड्यांत चढउतार राहतातच. ओईसीडीच्या नियमांत टी-३ व टी-४ च्या बाबतीत हा चढउतार सरासरीच्या शेकडा २५ हून, आणि टी.एस.एच.च्या बाबतीत शेकडा ३५ हून कमी असावा अशी अपेक्षा नमूद आहे. एखाद्या वाण्याचा तराजू एवढा डोलू लागला तर गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढणार नाही. पण जिवंत प्राण्याच्या रक्ताचा तराजू याहून स्थिर करणे फार कष्टाचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

रक्तात थायरॉक्सिन असते तरी किती? उंदराच्या शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ग्रॅमच्या दशलक्षांशाचे काही मोजके भाग. एवढीशी वस्तू मोजण्याची युक्ती न्यूयॉर्क येथे सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो या जोडीने १९६० च्या सुमारास शोधली. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या युक्तीचे वर्म टोपी बाजाराच्या नावातील टोप्यांनीच समजावून घेता येईल. समजा, एका दुकानात शंभर लाकडी मुंडकी मांडली आहेत आणि त्यांवर एकाच मापाची टोपी बसते. दुकानदाराजवळ आतून शाईचा ठिपका दिलेल्या शंभर टोप्या आहेत. शिवाय एक पोते आहे. त्यात बिनठिपक्याच्या, पण त्याच मापाच्या टोप्या किती आहेत हे ठाऊक नाही. दोन्ही टोप्या एकत्र मिसळून, न पाहता, मुंडक्यांवर चढविल्या. मग उलटून पाहता पन्नास मुंडक्यांवर ठिपक्याच्या टोप्या निघाल्या, तर पोत्यात शंभर टोप्या होत्या असे समजावे. पंचवीसच निघाल्या, तर पोत्यात तीनशे होत्या. पोत्यातील टोप्या एकेक करून मोजाव्या लागल्या नाहीत. या पद्धतीत मुंडकी म्हणजे प्रतिपिंडे, ठिपका म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन, आणि पोते म्हणजे रक्ताचा तो अनोळखी थेंब.

भारतात ही विद्या रुजविण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अवटु ग्रंथीच्या रोग्यांची तपासणी व उपचार हे कायमचे कार्य होऊन बसले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिवारातून टी-३ व टी-४ मोजण्याचे तयार संच देशातील दवाखान्यांना मिळू लागले. परंतु येथे एक मेख आहे, आणि प्राण्यांवर काम करणाऱ्या नवशिक्यांची फसगत बहुधा तेथेच होते. हे संच माणसाच्या रक्तासाठी बनविलेले असतात. थायरॉक्सिनचा कण माणसात आणि उंदरात एकच. टोपीचे माप तेच. पण ज्या द्रवात तो कण तरंगतो तो द्रव निराळा. त्यातील प्रथिने निराळी, आणि ती थायरॉक्सिनला निराळ्या घट्टपणाने धरून ठेवतात. त्यामुळे माणसाच्या रक्तावर बेतलेला संच उंदराच्या रक्तात चुकीचा आकडा देऊ शकतो. टी.एस.एच.ची तऱ्हा तर याहून वेगळी. ते प्रथिन असल्यामुळे प्राण्याप्राण्यांगणिक त्याची घडण बदलते. माणसाच्या टी.एस.एच.ची मुंडकी उंदराच्या टोपीला बसतच नाहीत. उंदरासाठी उंदराचाच संच लागतो. अलीकडे कणांचे वजन करून त्यांना ओळखणारी यंत्रे आली आहेत. त्यांनी टी-३ आणि टी-४ अधिक विश्वासाने मोजता येतात, पण यंत्रे महाग आहेत आणि हात तयार असावे लागतात.

आकडा बरोबर आला असे धरून चालले, तरी त्याचा अर्थ काय करावयाचा? उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. माणसाच्या रक्तातील थायरॉक्सिन निम्मे संपायला सुमारे सात दिवस लागतात, तर उंदराच्या रक्तात ते अर्ध्या ते एका दिवसात निम्मे होते. याचे कारण, माणसाच्या रक्तात थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवणारे एक खास प्रथिन विपुल असते. प्रौढ उंदरात ते नाममात्रच. त्यामुळे उंदराच्या अवटुला सदैव धावपळ करावी लागते. नर उंदराच्या रक्तात तर टी.एस.एच. मादीहूनही अधिक असते. अशा आधीच ताणलेल्या ग्रंथीला यकृताने थायरॉक्सिन लवकर बाहेर टाकून आणखी ताण दिला, की ती वाढते आणि कालांतराने तीत गाठी होतात. फिनोबार्बिटाल हे फेफऱ्यावरील जुने औषध उंदरात नेमके हेच घडविते. तेच औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसांत अशा गाठी वाढल्याचे दिसून आलेले नाही. तेव्हा, उंदराच्या गळ्यात गाठ दिसली म्हणून ते द्रव्य माणसाला कर्करोग देणार असे म्हणता येत नाही, हा रसायन बनविणाऱ्यांचा युक्तिवाद या मर्यादेत खरा आहे.

परंतु हाच युक्तिवाद पुढे ओढून नेला म्हणजे घातक होतो. ‘उंदराचा गळा उंदराचाच, माणसाला त्याचे काय?’ असे म्हणून थायरॉक्सिनची घटही बाजूला सारण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसते. गाठीचा प्रश्न आणि घटीचा प्रश्न हे दोन प्रश्न आहेत. गाठ पडणे हे ताणाचे फळ होय आणि त्या बाबतीत माणूस उंदराहून सुरक्षित असू शकेल; पण थायरॉक्सिन कमी पडणे हे मेंदूच्या घडणीचे संकट होय, आणि तेथे उंदराचे पिल्लू व माणसाचे मूल यांची नाती फार जवळची आहेत. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत मानवी गर्भाची स्वतःची अवटु काम करीत नसते. तो सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर जगतो. आईला स्वतःला विशेष काही जाणवत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये हॅडो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी ज्यांच्या अवटुचे काम मंद होते आणि ज्यांच्यावर उपचार झाले नव्हते, अशा ४८ स्त्रियांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांच्या मानाने सरासरी ७ गुणांनी कमी भरला. ती मुले शाळेत जात होती, चालत-बोलत होती. डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून तर मोजणी हवी.

या बाबतीत भारताजवळ स्वतःचा, फार मोलाचा अनुभव आहे, आणि त्यात मराठी नावे ठळक आहेत. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पुढाकाराने आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला. त्याचा अंतिम वृत्तांत १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही नावे होती. आज टोपी बाजारात मिळणारे मीठ हे त्या प्रयोगाचेच अपत्य म्हणावयास हरकत नाही. पुढे १९८६ मध्ये एन. कोचुपिल्लै, सी. एस. पांडव, एम. एम. गोडबोले आणि सहकाऱ्यांनी आयोडीनची उणीव असलेल्या भागांत जन्मलेल्या बालकांविषयी लिहिले. नाळेच्या रक्तात थायरॉक्सिन मोजून त्यांनी दाखविले की, गलगंडाच्या मुलखात जन्मतःच त्याची उणीव असलेली बालके कितीतरी अधिक आहेत. गलगंड म्हणजे केवळ गळ्याची कुरूपता असे जे समजले जाई, ते या कामाने बदलले. गळ्यापेक्षा मेंदूचे नुकसान मोठे होते.

यानंतर गोडबोले लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत उंदराच्या पिलांकडे वळले, हे या कथेतील विशेष उद्‌बोधक वळण आहे. अवटुचे काम औषधाने थांबविलेल्या पिलांच्या लहान मेंदूत काय घडते हे त्यांच्या गटाने पाहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते की, थायरॉक्सिनवाचून घडणाऱ्या लहान मेंदूत पेशींच्या मरणाचे प्रमाण वाढते. नाळेच्या रक्तातील आकडा माणसाच्या बाळाचा, पेशींचे मरण उंदराच्या पिलाचे. एकाने दुसऱ्याचा अर्थ सांगितला. माणसाच्या बाळाचा मेंदू कापून पाहता येत नाही, आणि उंदराच्या पिलाला शाळेत घालता येत नाही. दोन्ही टोके जोडल्याखेरीज गोष्ट पुरी होत नाही.

उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या मेंदूची वाढ मानवी गर्भाच्या मधल्या महिन्यांतल्या इतकीच झालेली असते. म्हणून जननक्षमतेच्या परीक्षांत, २०१५–१६ च्या सुधारणेनंतर, जन्मानंतर तेराव्या दिवशी पिलांचे टी-४ मोजण्याची तरतूद झाली. चौथ्या दिवशीही रक्त घेऊन ठेवतात. पण चार दिवसांच्या पिलाचे रक्त ते केवढे! एका पिलाच्या रक्तात एक मोजणी धड होत नाही, तेव्हा एकाच विणीतील पिलांचे रक्त एकत्र करावे लागते. त्या वयात मुळातच थायरॉक्सिन इतके थोडे असते की, रसायनाने आणखी कमी केले तरी संचाला ते ओळखता येईलच असे नाही. येथे ‘फरक आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा करणे म्हणजे अंधारात दोरी दिसली नाही म्हणून दोरी नाहीच असे म्हणण्यासारखे आहे. अहवालाच्या शेवटी येणारे ते छोटे वाक्य वाचताना, मोजणारा संच किती बारीक मोजू शकत होता, हे विचारण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, आणि त्याने तो वापरलाच पाहिजे.

भारतात कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, आणि त्याखाली नोंदणीसाठी सुरक्षिततेची माहिती द्यावी लागते. प्रयोगशाळांच्या कामाची शिस्त तपासण्यासाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली २००२ मध्ये एक प्राधिकरण स्थापन झाले. २०११ मध्ये ओईसीडीच्या व्यवस्थेत भारताला पूर्ण स्थान मिळाले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नियमाप्रमाणे झालेली परीक्षा परदेशात पुन्हा करावी लागत नाही. देशाचा मान वाढला हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, तेच प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी आणखी ऐंशी उंदीर लागत नाहीत. प्राण्यांचा वापर शक्य तितका टळावा हा विचार आता नियमांतही शिरला आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्रीय समिती आहे, आणि तिच्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रयोगाला आधी संस्थेच्या समितीची अनुमती लागते. काचेच्या नळीत त्या एका एन्झाइमवर रसायनाची परीक्षा आता करता येते. आयोडीनचे दार अडते की नाही हेही पेशींवर पाहता येते. परंतु पीयूषिकेचा तगादा, यकृताची गळती आणि गर्भापर्यंत पोहोचणारे थायरॉक्सिन हे सर्व एकत्र घडते ते जिवंत शरीरातच. नळी संशय दाखवील. निकाल देण्यासाठी आज तरी जिवंत प्राणी लागतो. अशा वेळी वाईट रीतीने केलेल्या मोजणीसारखे दुसरे पाप नाही, कारण तीत उंदराचाही जीव जातो आणि माणसाच्याही पदरी काही पडत नाही.

मॅन्कोझेबचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याला पुन्हा मान्यता देण्याचे नाकारले. अंतःस्रावांच्या कामात होणारा अडथळा आणि प्रजननावरील विषारी परिणाम ही त्यामागील कारणांत होती. भारतात मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला, त्यातही मॅन्कोझेबचे नाव होते. त्यावर शेतकरी, उत्पादक आणि तज्ज्ञ यांनी आपापली बाजू मांडली, आणि पुढे त्या २७ पैकी मोजक्याच द्रव्यांवर बंदी आली. द्राक्षांवर केवडा उतरला म्हणजे एका पावसात बागाईतदाराचे वर्षाचे उत्पन्न जाते, ही गोष्ट युरोपातील कचेरीत बसून दिसत नाही. उलट, पाठीवर पंप घेऊन बागेत फिरणाऱ्या मजुरिणीच्या पोटातील गर्भ कोणत्याही मसुद्यावर हरकत नोंदवू शकत नाही, हीही गोष्ट तितकीच खरी. या दोहोंमध्ये मात्रा ठरवावयाची आहे. किती द्रव्य, काढणीपूर्वी किती दिवस आधी फवारणी बंद, फळावर किती अंश राहिलेला चालेल, हे आकडे अखेर त्या ऐंशी उंदरांच्या आणि त्यांच्या पिलांच्या रक्तावरून काढलेल्या आकड्यांतूनच निघतात. आणि ज्या मजुरिणीसाठी ते काढावयाचे, तिच्या रक्तातील टी.एस.एच. द्राक्षांच्या हंगामात एकदा तपासून पाहणे हे परळच्या किंवा नाशिकच्या कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला आज सहज साधण्यासारखे काम आहे.